तार जिती शे

रोहिणी संपत आलं होतं, मृग लागायला दोनच दिवस बाकी. मी वायरमन आहे, चोपडा तालुक्यात सेक्शन, लाईनवर 19 वर्षं झाली. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास सातपुड्याकडून असं वादळ उठलं की धुळीनं समोरचा निंब दिसेना, केळीचे बागच्या बाग आडवे झाले, आणि पाऊस म्हणाल तर नुसते चार शिंतोडे. वारा पडायच्या आत फोन सुरू झाले. सगळे एकच विचारत होते, लाईट कधी येईल. एक फोन मात्र एका बाईचा होता, आवाज एकदम शांत. "भाऊ, कपाशीना वावरमा तार पडेल शे. तार जिती शे. आम्हीन सात जन शेतस, कोनीच हालत नही."

कोणीच हालत नाही हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं सहा जण गेले आणि ही एकटी उरली. गाडीला किक मारता मारताच सबस्टेशनला फोन लावला, तर ऑपरेटर म्हणे तो फिडर, म्हणजे तिकडे जाणारी लाईन, चालूच आहे, ट्रिप होऊन आपोआप बंद झालेलाच नाही. असं होतं उन्हाळ्यात. माती कोरडी ठणठणीत असली की पडलेल्या तारेतून जमिनीत करंट जातो पण थोडा जातो, सबस्टेशनच्या रिलेला, म्हणजे बिघाड ओळखून लाईन तोडणाऱ्या यंत्राला, तो नेहमीच्या लोडसारखाच वाटतो, आणि 11 केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, तार वावरात जिवंत पडून राहते. लोक समजतात तार तुटली म्हणजे लाईन मेली. माझ्या नोकरीतल्या ज्या घटना मला झोपू देत नाहीत त्यातल्या निम्म्या याच समजुतीच्या आहेत. लाईन लगेच बंद करायला सांगितली आणि निघालो.

पोहचलो तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. पूर्वहंगामी कपाशी वीतभर वर आलेली, ठिबकच्या नळ्या वाऱ्यानं उलट्यापालट्या झालेल्या, मधे तार पडलेली, तारेपासून दहा-बारा फुटावर एक बैल आडवा, गेलेला. आणि त्याच्या पलीकडे तीस-पस्तीस फुटावर सात माणसं एका रांगेत उभी. पाच बाया, एक म्हातारे आबा, एक दहा-बारा वर्षाचा पोरगा. सगळ्यांच्या टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले. सावधान. आबांचे पाय थरथरत होते पण टाच टाचेला लागलेली होती.

मी बांधावरच थांबलो, कारण मी हे पाहिलेलं होतं. 1995 ला, आठवीत, शाळेमागच्या मैदानावर.

आमचे विज्ञानाचे सर फौजी होते. बीएस्सी करून सैन्यात गेले, सिग्नल्समधे, ट्रेनिंग जबलपूरला. 71 च्या लढाईत राजस्थानच्या बॉर्डरवर टेलिफोनच्या तारा टाकायचं काम. पेन्शनवर आले, बीएड केलं आणि 84 साली आमच्या शाळेत लागले. लढाईच्या गोष्टी सांगा म्हटलं की पोरांना वाटायचं तोफा, रणगाडे, आणि सर सांगायचे खुंटीची गोष्ट. फील्ड टेलिफोनला घाईत एकच तार टाकायची, परतीची दुसरी तार म्हणजे जमीन, लोखंडी खुंटी ठोकली की झालं. पण वाळवंटातली कोरडी वाळू करंट नेईना, पलीकडचा आवाज येईना. मग बाटलीतलं प्यायचं पाणी खुंटीला पाजायचं. "आपण तहानलेलं राहायचं पण खुंटी ओली पाहिजे," सर म्हणायचे, "जमीन पण तारच असते रे, फक्त जाड आहे म्हणून दिसत नाही."

हे वाक्य शिकवायला त्यांनी काय केलं ते सांगतो. ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बॅटरी आणली, ओल्या मैदानात एक सळई इथे, एक लांब तिथे ठोकली, बॅटरी जोडली, पहिल्या सळईभोवती चुन्यानं गोल आखले, कबड्डीच्या मैदानासारखे. मग सुताराकडून बनवलेल्या दोन लाकडी खडावा काढल्या, प्रत्येकीच्या तळाला एक लांब खिळा, दोन्ही खिळ्यांच्या मधे मीटर. एकेक पोराला चढवायचे. पाय जुळवून उभं राहिलं की काटा जवळजवळ शून्यावर, सळईकडे लांब ढांग टाकली की काटा उडालाच. बारा व्होल्टमधे कोणाला काही होत नव्हतं, पण काटा सगळ्यांनी पाहिला. दोन पायात जेवढं अंतर तेवढा व्होल्टेजचा फरक, आणि तो फरक अंगातून जातो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय चार-पाच फूट लांब, छाती बरोबर मधे, म्हणून बैल आधी जातो. हेही तेव्हाच सांगितलं. आणि मग परेडच्या आवाजात, "तार पडलेली दिसली, काय करायचं? सावधान!" शंभर पोरं टाचा जुळवायची. मग पाय न उचलता, टाचा न सोडता, घासत घासत मागे सरकायचं, शेवटच्या गोलाच्या बाहेर जाईपर्यंत. तिथं पोचल्यावर सुद्धा सर विश्राम म्हणतील तेव्हाच पाय मोकळे.

दरवर्षी. वीस वर्षं दरवर्षी, मुली असो मुलं असो, पुढे शिकणारी असो का आठवीत सोडणारी असो. मला आयटीआयमधे हेच स्टेप व्होल्टेज म्हणून परत शिकवलं तेव्हा मी एकटाच होतो ज्याला ते आधी पायात माहीत होतं.

ऑपरेटरकडून लाईनवर काम करायचं परमिट घेतलं, एबी स्विच उघडून लाईन तोडली, ती मेल्याची खात्री केली, तार जमिनीला जोडणारा अर्थिंग रॉड टाकला. हात कापत होते माझे. मग बांधावर उभा राहून जोरात ओरडलो, "विश्राम!"

ओळीतली एक बाई फिरून माझ्याकडे पाहायला लागली. बाकीच्या तशाच उभ्या, त्यांना काही कळलं नाही. तिनं सांगितल्यावर सगळ्या मोकळ्या झाल्या आणि आबा जिथं होते तिथंच खाली बसले. ती बाई आमच्याच शाळेची निघाली, माझ्या मागे तीन वर्षं, आठवीनंतर लग्न होऊन या गावात आली. तार पडली तेव्हा त्या सगळ्या बैलाजवळच होत्या, आबा तर बैल सोडवायला धावलेच होते. तिनं त्यांना हात लावला नाही, जागेवरूनच ओरडली, "आबा, पाय जोडीसन उभा ऱ्हा! मना शायना सरनी सांगेल शे!" आणि एकेकाला बोलून बोलून, पाय घासत, तीस फूट मागे आणलं. आबा रडत होते बैलासाठी, तिला शिव्या पण दिल्या म्हणे. तिनं ऐकून घेतल्या.

तार उचलली तर खाली माती जळून वितळलेली, काळी काचेसारखी, मुठीएवढा गोळा. अजून गरम होता. गार झाल्यावर रुमालात बांधला.

निघताना ती म्हणाली, "सर भेटनात ते सांगज्यात, मी इसरनू नही." सर जाऊन दोन वर्षं झाली, तिला सासरी कोणी कळवलंच नव्हतं. खोटं बोलवेना, सांगितलं. ती बांधावर बसली, बराच वेळ मातीत बोट फिरवत राहिली, एकाबाहेर एक गोल. मग विचारलं, "मंग आते शायमा हाई कोन शिकाडस?"

आता शाळेत हे कोण शिकवतं, याचं मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना भेटलो. हो म्हणाले, शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी. ट्रॅक्टरची बॅटरी मेहुण्याकडे आहे, मीटर माझं आहे, तो काळा गोळा बरणीत ठेवलाय. खडावा सुताराकडे टाकल्यात, खिळे मीच नेऊन दिले.