मधलं नाव कुणाचं?

दक्षिण कोरियातल्या हाहोएहून परत येऊन महिना झाला, तरी त्या एक लाख वॉनच्या ॲडव्हान्सची आठवण आली की माझं डोकं तापतं.

आम्ही सात जण होतो: सुवनमधल्या ऑफिसच्या दोन मैत्रिणी, एकीचा नवरा, आम्ही दोघं आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. आन्दोंगजवळच्या हाहोए गावात मिनबाक, म्हणजे गावातल्याच घरी राहायची सोय, फोनवर पाच मिनिटांत ठरली. मालकीणबाई आजीच्या वयाच्या, त्यांना सगळे हाल्मोनीच म्हणतात. त्या म्हणाल्या, पैसे खात्यात आले की खोल्या तुमच्या.

मी नुकताच फोन बदलला होता. त्यामुळे मी म्हणजे मीच, हे बँकेच्या ॲपला नव्याने पटवणं आलं. ती खात्री मोबाइल कंपनीच्या नोंदीवरून होते आणि नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. मी आडनाव आधी टाकून पाहिलं, मग शेवटी. मध्ये जागा सोडून, न सोडता. पाचव्यांदा चुकल्यावर ॲपने कुलूपच लावलं.

बँक चार वाजता बंद होते. म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा, नंबराची चिठ्ठी आणि बाकडं. काउंटरवरच्या मुलीने माझं परदेशी नागरिकाचं कार्ड उलटसुलट पाहिलं.

“हे मधलं नाव कुणाचं?”

“वडिलांचं.”

“मग तुमच्या नावात कशाला?”

आता तिला काय सांगू! आमच्याकडे लग्नानंतर तिथे नवऱ्याचं येतं, माझं अजून बदललेलं नाही, एवढं सांगायला माझं कोरियन पुरलं नाही. पुरलं नाही तेच बरं. तिने मोबाइलच्या दुकानाकडे बोट दाखवलं, दुकानाने परत बँकेकडे. मैत्रिणी म्हणाल्या, अगं, आम्ही भरतो. पण मला हट्टच चढला होता. चौथ्या दिवशी दुकानातल्या एका पोराने शेवटी स्क्रीन माझ्याकडे वळवली. रकाना संपला म्हणून वडिलांच्या नावाची शेवटची दोन अक्षरं कुणीतरी उडवली होती! ती न घालता टाकलं असतं तर पहिल्याच दिवशी जमलं असतं. तेव्हा सिमकार्ड घेताना दुकानात उभं राहूनच आपलं नाव कसं नोंदवलंय ते बघा, फोटोही काढून ठेवा.

हाल्मोनींनी तोवर खोल्या धरून ठेवल्या होत्या. ‘केन्चानायो’, असू दे गं, एवढंच म्हणाल्या.

बाकी सगळं सुरळीत. सोलच्या छोंगन्यांगनीहून आन्दोंग रेल्वेने साधारण दोन तास. हाहोए म्हणजे र्‍यू घराण्याच्या भावकीचं गाव, नाकदोंग नदीने वळसा घातलेलं. खानदानी लोकांचे कौलारू वाडे, बाकीची घरं गवताने शाकारलेली. २०१० पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, पण अंगणात मिरच्या वाळत असतात. पलीकडच्या ६४ मीटर उंचीच्या बुयोंगदे कड्यावरून नदीचा सगळा वळसा दिसतो. सासरे म्हणाले, “संगम नाही, पण घाट हवा होता.”

रात्री जमीन खालून तापवतात. चुलीकडची बाजू सगळ्यात ऊबदार, ती मान म्हणून वडीलधाऱ्यांना. सासूबाई मध्यरात्री उठून दाराशी झोपायला आल्या.

दुसऱ्या दिवशी ब्योंगसान सोवॉन. ही जुनी पाठशाळा १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या वेळी राज्याचा कारभार सांभाळलेल्या र्‍यू सोंग-र्‍योंग यांच्या स्मरणार्थ. समोर सात खणांचं, भिंती नसलेलं मानदेरू नावाचं दालन. त्याच्या खांबांमधून नदी आणि डोंगर असे दिसतात की आमचा बडबड्या गटही गप्प बसला. हाहोएहून तिथवर नदीकाठची पायवाट आहे, चारेक किलोमीटर. बसच्या वेळा मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच सांगा, कारण भाजीच्या रश्शातही सुक्या मासळीचं पाणी असतं. आमचा चिवडा पहिल्याच रात्री संपला.

आणि हो, पैसे पाठवताना समोरच्याच्या पासबुकात काय दिसावं, तो रकाना आपल्याला बदलता येतो. मी तिथे कोरियन लिपीत ‘शनिवार सात जण’ लिहिलं होतं. हाल्मोनींनी दारातच हाक मारली, “शनिवार सात जण, या!”