लाकूड खाणारी नुकरी

श्रावणातली गोष्ट. सकाळी साडेसहाला चाचांचा फोन आला, "डॉक्टर, नुकरी काल सांजपासनं दाण्याला तोंड लावीना, लाळ गळायलीय नुसती, लवकर या." घोड्यानं दाणा सोडला म्हणलं की माझ्या डोक्यात पहिलं पोटशूळच येतं, कारण घोड्याला उलटी होत नाही आणि पोटशुळात तास-दोन तास गेले तरी जनावर हातचं जातं. चहा तसाच ठेवला, नळी, औषधं बॅगेत कोंबली आणि तुळजापूर रोडला गाडी काढली.

चाचांकडं सहा घोडी, सगळी वरातीची. वडील टांगा चालवायचे, टांगे बंद पडले तसं यांनी लग्नाचं काम धरलं. नुकरी म्हणजे पांढरी शुभ्र, गुलाबी कातडीची मारवाडी घोडी, दोन वर्षांमागं दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातनं आणलेली. सगळ्या नवरदेवांना तीच पाहिजे असते.

गेल्या गेल्या दोन्ही कुशींना कान लावला, आतडी व्यवस्थित बोलत होती. नाडी ४४, थोडी जास्त पण घाबरण्यासारखी नाही. पाय आपटणं नाही, पोटाकडं वळून बघणं नाही. मग लाळ का? तोंडाजवळ गेलो तर कुजका वास, आणि त्या गुलाबी ओठांवर काळे डाग, आजूबाजूला बारीक फोड. डाग बोटानं पुसला, वास घेतला, तर जळकं ऑइल! चाचांना विचारलं तर ते गप्प, त्यांचा नातू म्हणाला, "कठड्याला मारलंय आठ दिवसांमागं."

गुंगीसाठी झायलाझीन दिलं, मान खाली आली तशी जीभ बाजूला ओढून धरली, नातवानं टॉर्च मारला. टाळूवर, वरच्या दोन्ही बाजूच्या दाढांच्या मध्ये एक लाकडाची ढलपी आडवी बसलेली, करंगळीएवढी लांब, दोन्ही टोकं दाढांना घट्ट टेकलेली आणि तिच्यावर चाऱ्याचा काळा लगदा. चिमट्यानं धरून आधी मागं ढकलली, मग तिरकी केली तेव्हा सुटली. टाळूला खोल चीर पडली होती. मिठाच्या कोमट पाण्यानं तोंड धुतलं, दुखण्याचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं (घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, छोट्या जखमेलाही टाळाटाळ करू नका). तासाभरानं गुंगी पूर्ण उतरली तसं तिनं बादलीत तोंड घातलं आणि अर्धी बादली पाणी एका दमात ओढलं, बिचारी रात्रभर तहानलेली होती.

मग मी कठडा बघितला. खांब निलगिरीचे, आडव्या फळ्या खोक्यांच्या मऊ लाकडाच्या. वरची फळी मधोमध खाऊन डमरूसारखी झालेली, ठिकठिकाणी खिळे वर आलेले. चाचा म्हणाले, "दोन महिन्यांत तिसऱ्यांदा फळ्या बदलल्या ओ. आधी मिरचीचा लेप दिला, तो पावसानं गेला. मग शेणानं सारवलं. शेवटी गॅरेजातनं ऑइल आणलं, म्हणलं वाळवीपण जाईल आणि घोडीपण तोंड लावणार नाहीत." मला राग आला होता पण माणूस जीव लावणारा आहे, रोज सकाळी स्वतः खरारा करतो. शांतपणे सांगितलं की त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या धातूंची झीज उतरलेली असते, घोडा चाटतो ते सगळं पोटात जातं, आणि ज्याला चावायचंच आहे तो त्याच्यासकट चावतो, नुकरीनं चावलंच की.

खरं म्हणजे मिरचीचा लेप मीपण आधी लोकांना सुचवायचो. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं की वैरण किती टाकता, आणि नुसतं उत्तर न ऐकता पेंड्या काट्याला लावल्या. दिवसाला, दोन्ही वेळचं मिळून, चार किलोला कमी. ही घोडी साडेतीनशे ते चारशे किलोची, तिला वजनाच्या दोन टक्के धरलं तरी सात-आठ किलो सुकी वैरण पाहिजे. हे कधीपासनं विचारलं तर आषाढीपासनं. चातुर्मास लागला, लग्नं बंद, कमाई बंद, घोडी दावणीला उभी, मग खुराक कमी केला. त्यात श्रावणात जुना कडबा महाग आणि कारखाने बंद म्हणून उसाचं वाढंही नाही.

काम नसताना दाणा कमी करणं बरोबरच होतं. चूक झाली ती वैरण कमी केली तिथं. एक किलो सुकं गवत खायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात, एक किलो दाण्याला दहाच. म्हणजे चार किलो वैरण पावणेतीन तासांत संपली, उरलेले एकवीस तास तोंडाला काय? मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास चरतो. त्याच्या पोटात ॲसिड रात्रंदिवस झिरपत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी, पण लाळ मात्र चावतानाच सुटते आणि तीच ते ॲसिड मारते. त्यामुळं तोंड रिकामं राहिलं की घोडा समोर दिसेल ते चावतो, त्यात पावसाळी ओल्या हवेत ही खोड जास्तच दिसते. चाचा ऐकून थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे उपाशी होती ती?"

त्याच दिवशी ऑइलच्या सगळ्या फळ्या काढल्या, कारण ते लाकडात मुरलेलं धुवून निघत नाही. वरच्या कडेला लोखंडी अँगल ठोकायचा ठरलं, टोकं घासून, कुठं धार न ठेवता. कडबा कुट्टी न करता लांबच टाकायचा, तीन-चार वेळा विभागून, शेवटची पेंडी रात्री झोपताना. मिठाचा खडा बांधला. आणि श्रावणात माळ हिरवा असतो तर रोज तीन-चार तास लांब दोरीवर चरायला सोडायचं, पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासापासनं वाढवत. फक्त कडवळात सोडू नका म्हणलं, हिरव्या ज्वारीनं घोड्याचं मूत्राशय आणि मागचे पाय जातात, गाईला चालतं म्हणून घोड्याला चालत नाही.

एक घोडा मात्र वेगळा निघाला, कोपऱ्यातला अबलख, म्हणजे चितकबरा. तो लाकूड खात नव्हता, पुढच्या दातांनी कडा धरायचा, मान ताणायचा आणि घशातनं ढेकरेसारखा आवाज काढायचा. ही वारा गिळायची सवय, ही एकदा मुरली की वैरणीनं कमी होते पण सहसा पूर्ण जात नाही, हे चाचांना आधीच सांगून ठेवलं. गळ्याला पट्टा आवळायचा म्हणत होते, तो नको म्हणलं.

निघताना मी मधल्या, ऑइल न लागलेल्या म्हणून ठेवलेल्या उघड्या फळीवर, खाल्लेल्या खाचेच्या कडेनं, निळ्या मार्करनं रेघ मारली. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात लसीला गेलो तर रेघ तशीच होती, एका जागी बोटभर खरवडलेली. अबलखचा आवाज कोपऱ्यातनं येत होता, पण आधीपेक्षा कमी. नातू नुकरीच्या पायाला घुंगरू बांधत होता, संध्याकाळी होटगी रोडला वरात होती, आणि ती मान खाली घालून कडबा चावत उभी होती.