बारा की सोळा

मी आल्टो सॅक्सोफोनवाला, त्याचा मोठा, खर्जातला भाऊ बॅरिटोन फक्त अडीनडीला वाजवतो. त्या दिवशी बॅरिटोनवाला आजारी पडला आणि सकाळी सकाळी फोन, रेकॉर्डिंग आहे, जॅझवाल्या ऑलिव्हर नेल्सनचं 'स्टोलन मोमेंट्स', सात जण, येतोस का? नाव ऐकूनच हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर आठवलं, अरे यात बॅरिटोनला सोलोच नाही, एकट्याने पुढे येऊन वाजवायला काहीच नाही!

मूळ रेकॉर्डिंग 23 फेब्रुवारी 1961 चं, न्यू जर्सीत साउंड इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झालेलं. तिथेही सातच जण, पण काय जमलेत बघा: ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, फ्लूटवर एरिक डॉल्फी, पियानोवर बिल एव्हान्स, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर रॉय हेन्स, टेनर सॅक्सवर खुद्द नेल्सन. आणि बॅरिटोनवर जॉर्ज बॅरो, ज्याचं नाव सहसा कुणी घेत नाही, कारण अख्ख्या अल्बमभर बाकीचे सोलो घेतात आणि हा बिचारा नुसता साथीला. आज तो बिचारा मी होतो.

निघायच्या आधी माझा पार्ट, म्हणजे माझे सूर लिहिलेला कागद, एकट्याने वाजवून बघितला. सी मायनरचं गाणं, बॅरिटोनचे सूर वेगळ्या पट्टीत लिहितात म्हणून कागदावर ए मायनर दिसतं, तिथपर्यंत ठीक. पण सूर असे की ओळखीची चाल कुठे सापडेचना, चुकीचा कागद दिलाय की काय असं वाटलं.

स्टुडिओ लहान, म्हणून मला एका काचेच्या बूथमध्ये टाकलं. गळ्यात पाच-सहा किलोचं धूड, कानात हेडफोन, आणि म्युझिक स्टँड नेमका असा लावलेला की पियानोवाला दिसतच नव्हता. त्यातून या गाण्याची गंमत अशी की थीम, म्हणजे मुख्य चाल, सोळा बारची आहे (बार म्हणजे ताल मोजायचा एक तुकडा), आठ-सहा-दोन अशी तुटते, पण सोलो मात्र मायनर ब्लूजच्या साध्या बारा बारच्या साच्यावर. हे मला माहिती होतं हो! तरी पियानोच्या सोलोत, दोन कोरस, म्हणजे त्या बारा बारच्या दोन फेऱ्या होत्या, माझं डोकं आपलं सोळा-सोळा मोजत बसलं. चोवीस बार झाले, बाहेर सगळ्यांनी थीम उचलली आणि मी आरामात सॅक्सच्या तोंडाची पट्टी, रीड, ओठाने ओली करतोय. ट्रम्पेट कानात आदळल्यावर लक्षात आलं, तोवर उशीर झालेला, मग कसाबसा नवव्या बारला घुसलो.

टेक संपल्यावर मी आधीच सॉरी म्हणून टाकलं. अरेंजमेंट बघणारे सर म्हणाले, थांब, आधी ऐकू या. शेवटची थीम लावली. पहिले आठ बार तीन हॉर्न, म्हणजे बाकीची फुंकायची वाद्यं, एकदम सुरात, चूक म्हणावी अशी एकही नाही, पण आवाज कसा पातळ, पोकळ, खोलीतलं सामान हलवल्यावर येतो तसा. नवव्या बारला मी शिरलो आणि स्पीकरच जणू मोठे झाले. मी वाजवत होतो ते तेच सकाळचे बिनकामाचे सूर! टेनरवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "च्यायला, हे तू वाजवतोयस?"

नेल्सन स्वतः सॅक्सवाला, त्यामुळे चौथ्या हॉर्नला कुठे बसवायचं हे त्याला नेमकं कळायचं असं मला वाटतं. ऑर्गनवादक जिमी स्मिथच्या मागे वाजणाऱ्या मोठ्या बँडचं संगीत लिहिणारा हाच, पुढे 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन' या टीव्ही मालिकेचं संगीतही याचंच. 1975 ला गेला, फक्त 43 वर्षांचा होता. एवढ्यात किती काम करून ठेवलंय.

दुसऱ्या टेकला मी बोटांवर मोजलं, ओकेसुद्धा झाला. सामान आवरताना सरांनी विचारलं, पुढच्या महिन्यात अजून दोन गाणी करतोय, बॅरिटोनच घेऊन येशील का? मी लगेच हो म्हणालो. मागून टेनरवाला ओरडला, "आण, पण बारा बार मोजायला शिकून ये!"