मिलिटरीकाकांची न्हाणी

काम पावसाआधीच संपलं, पैसेही मिळाले. तरी डोक्यातून जात नाही.

मी गोव्यात, सत्तरी तालुक्यात बांधकामाची छोटी कामं घेतो. वाळपईजवळच्या एका गावातल्या मिलिटरीकाकांच्या मुलाचा फोन आला, "बाबांसाठी रॅम्प करायचाय, आर्किटेक्टचा प्लॅन तयार आहे." काकांचा डावा पाय १९७१ च्या लढाईत सुरुंगावर पडला. गुडघ्याखालचा गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून पहिला पाय मिळाला, पुढे कितीतरी झिजवले. आता वय पंचाहत्तरीच्या घरात.

प्लॅन सुरेख होता, फक्त त्यात हे घर नव्हतं. आमच्याकडे पावसापायी जुन्या घरांचं जोतं उंच. यांचं ३ फूट. उतार १:१२, म्हणजे फूटभर उंचीला १२ फूट लांबी धरली, तर रॅम्प ३६ फुटांचा, मध्ये टप्पा वेगळाच. म्हणजे तुळस तरी हलवा, नाहीतर विहिरीत उतरा.

मी टेप धरून आंगणात उभा, तर काका सोप्यावरून म्हणाले, "अरे, मला चाकं नाहीत, पाय आहे. याचा घोटा वळत नाही. उतारावर गुडघा पुढे ढकलतो हा. पायऱ्याच बऱ्या." जुन्या ४ पायऱ्या ९-९ इंचांच्या होत्या. मोडून ६ इंचांच्या ६ केल्या, दोन्हीकडे कठडा. झालं काम, असं वाटलं.

मग चहा पिताना सहज विचारलं, रात्रीचं कसं?

"रात्री पाय खाटेखाली."

न्हाणी मागच्या पडवीपलीकडे. वाटेत दोन उंबरठे, एक पायरी. काकी गेल्यापासून काका रात्री बसूनच सरकत जायचे, बॅटरी दातांत धरून. पावसाळ्यात घामानं उरलेला पाय सोलवटला की मग दिवसाही तसंच, चार-चार दिवस. मुलाला पत्ता नव्हता. आर्किटेक्टला कुठून असणार, तो दुपारी येऊन गेलेला.

नवी न्हाणी खोलीला लागून काढली. उंबरठा नाही, दार ३ फुटी आणि सरकतं, कमोड खाटेच्या उंचीला. खाटेपासून कमोडपर्यंत सलग दांडी. या दांडीवर मी दोन दिवस घातले, त्याचा मला अभिमान आहे. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा. त्यात नुसता फास्टनर ठोकला तर माणसाच्या वजनानं चिऱ्याचा भुगा घेऊनच बाहेर येतो. म्हणून भिंतीला आरपार भोकं पाडली, पलीकडे लोखंडी पट्टी देऊन बोल्ट आवळले. मी आणि हेल्पर दोघं लोंबकळून बघितलं. पट्टी स्वयंपाकघरात दिसते, तिच्यावर आता कॅलेंडर आहे. मुलानं चकचकीत टाइल्स आणल्या होत्या, त्या भांडून परत पाठवल्या. ओल्या फरशीवर कुबडीचं रबर काय करतं, ते दुकानदाराला कोण सांगणार?

एक गोष्ट मात्र मी न विचारता केली. काकांचा उजवा गुडघा पन्नास वर्षं दोघांचं काम करतोय. पायरी चढताना त्याचा आवाज मला खालून ऐकू आला. तो बसला की चाकं येणारच. म्हणून वरच्या टप्प्याच्या कडेला चिऱ्यांचे दाते सोडून ठेवले, म्हणजे पुढचं बांधकाम अडकवायला एकाआड एक चिरा बाहेर काढून ठेवला. कधी लागला तर रॅम्प तिथून जोडून, घराला वळसा घालून मागे नेता येईल.

काकांनी दाते बघितले. "अर्धवट का ठेवलंस?"

"राहू दे काका, पुढे लागलं तर."

ते काही बोलले नाहीत. परवा त्या बाजूनं गेलो होतो. दात्यांवर त्यांचा पंचा वाळत होता.