पंचवीस शिलिंग आणि दोन खोल्या

विज्ञान दिनाला आमच्या शाळेत दरवर्षी रामन यांचा तक्ता लागतो, एक पोरगी पाठ केलेलं भाषण म्हणते आणि संपतं. यंदा मी सातवीचा एक तास मागून घेतला, मायकेल फॅरडेचं चरित्र सांगायला.

सुरुवात मीच बिघडवली. जन्म 1791, थोर शास्त्रज्ञ वगैरे. फेब्रुवारी सरतानाचं सोलापूरचं ऊन, डोक्यावर पत्रा. अर्धा वर्ग पेंगायला लागला. टिपण मिटलं आणि म्हटलं, "बाप लोहार, सारखा आजारी. पोराला एक पाव मिळायचा, तो आठवडाभर पुरवायचा. चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे कामाला, सात वर्षं. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा."

"पगार किती, सर?" मागच्या बाकावरून.

पूर्व भागातल्या वर्गात हा प्रश्न यायचाच. कुणाची आई हजारामागं मजुरी घेऊन विड्या वळते, कुणाचा बाप यंत्रमागावर रात्रपाळी करतो.

म्हटलं, पगाराचं पुढं आहे. डेव्ही नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकून त्यानं टिपणं काढली, तीनशे पानांचं पुस्तक स्वतः बांधलं आणि डेव्हीलाच पाठवलं. 1813 साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी लागली. आठवड्याला 25 शिलिंग, माळ्यावरच्या दोन खोल्या, वर कोळसा आणि मेणबत्त्या.

"घर पण दिलं?" तीन-चार आवाज एकदम. चुंबकानं वीज तयार करण्याच्या त्याच्या शोधाला एवढी दाद मिळाली नसती!

मग डेव्हीसोबतचा युरोपचा प्रवास. डेव्हीची बायको फॅरडेला गड्यासारखं वागवायची, हे ऐकून वर्ग तापला. "सोडून यायचं की ओ!" तोही त्या विचारात होता, पण टिकला.

प्रयोगासाठी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तार आणली होती. फॅरडेकडे असली लेप दिलेली तार नव्हती. तो वेटोळ्यांमध्ये दोरा आणि सुती कापड घालायचा. सुताचं नाव निघाल्यावर पोरं पुढं सरकली. आमच्या तारेचं वेटोळं वीज दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरला जोडलं आणि चुंबक वेटोळ्यात ठेवला.

"काटा हालत नाही की ओ सर."

चुंबक आत-बाहेर केला, काटा हलला. थांबवला, काटा शून्यावर. 17 ऑक्टोबर 1831 ला फॅरडेनं हेच पाहिलं होतं. का थांबतो, हे मी समजावणार तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "मागावरच्या धोट्यासारखंच आहे. धोटा पळतोय तोवरच कापड." वीस वर्षं हा धडा शिकवतोय, धोटा मला सुचला नव्हता.

तास सुटल्यावर पगारवाला पोरगा टेबलापाशी आला.

"सर, ते बांधलेलं पुस्तक कुठं आहे आता?"

"लंडनलाच. नोकरी लागली त्याच संस्थेत."

"दोनशे वर्षं? सुटलं नाही?" त्यानं हातातल्या पाठ्यपुस्तकाचं रबर सारखं केलं. "मग मालकानं शिलाई चांगली शिकवली असणार."