चार मिनिटांची तपासणी आणि 19 दिवसांची प्रतीक्षा

गायींचा गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगासाठीच्या रोझ बेंगाल चाचणीला चार मिनिटे लागतात. पांढऱ्या पट्टीवर रक्तजलाचा (सीरमचा) 30 मायक्रोलिटरचा थेंब घ्यायचा, त्याच्या शेजारी तेवढाच गुलाबी अँटिजेन, म्हणजे या रोगाच्या मारलेल्या जंतूंचे द्रावण, टाकायचा, दोन्ही काडीने मिसळून पट्टी हलकेच डोलवत राहायची आणि चार मिनिटांनी गुठळ्या दिसतात का ते पाहायचे. एवढ्या चाचणीसह एका गोठ्याचा अहवाल हातात येण्यासाठी मला या उन्हाळ्यात 19 दिवस थांबावे लागले. त्यातले बहुतेक दिवस प्रयोगशाळेच्या बाकावर गेले नाहीत, तर डबा तिच्या दारातील टेबलावर पडून राहिल्याने गेले, आणि त्याचा सल अजून गेलेला नाही. फलटण तालुक्यात गेली अकरा वर्षे मी खासगी पशुवैद्यकीय व्यवसाय करते. माझ्यासारखे अनेक जण नमुने बाहेर पाठवतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गोठा चौदा संकरित गायींचा. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तीन आठवड्यांच्या अंतराने दोन गायी सातव्या महिन्यात गाभडल्या आणि दोघींचाही जार (वार) अडकला. शेवटच्या तिमाहीतील गर्भपात, एकापाठोपाठ एक, आणि मध्ये बाहेरून विकत आणलेली एक गाय. एवढे जुळून आल्यावर ब्रुसेलोसिसचा संशय येणारच. माझ्या काळजीचे खरे कारण वेगळे होते. पहिल्या गायीचा जार घरातल्या धाकट्या मुलाने उघड्या हातांनी ओढला होता, आणि त्याला संध्याकाळी चढून पहाटे घाम येऊन उतरणारा ताप सुरू झाला होता. गावात त्यावर टायफॉइडचे उपचार चालू होते. हा रोग गायीकडून माणसाला होतो, त्यामुळे गोठ्याचा अहवाल त्या मुलाच्या डॉक्टरांनाही हवा होता.

पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यामार्फत तेथे नमुने पाठवता येतात. मी खासगी प्रयोगशाळा निवडली ती केवळ उत्तर लवकर मिळेल या आशेने. तिचे नाव येथे लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

रक्त काढणे, गोठू देणे, रक्तजल वेगळे करणे हे सगळे बिनबोभाट झाले. मानेच्या शिरेतून लाल टोपणाच्या नळीत रक्त घेतले, नळ्या तिरप्या ठेवल्या, आणि शुक्रवारी सकाळी वर आलेले पिवळसर, स्वच्छ रक्तजल फिरकीच्या झाकणाच्या लहान कुप्यांमध्ये भरले. रक्तासह नळी तशीच पाठवू नये आणि गोठलेल्या रक्ताची नळी फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नये, कारण तांबड्या पेशी फुटल्या की रक्तजल लाल होते आणि पुढच्या चाचण्या वाचता येत नाहीत. थर्माकोलच्या डब्यात चार बर्फाच्या पिशव्या घालून शुक्रवारी दुपारी चार वाजता डबा कुरिअरकडे दिला. माझी पहिली चूक हीच होती. नमुने शुक्रवारी कधीही पाठवू नयेत. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवावेत, म्हणजे वाटेत एक दिवस वाया गेला तरी समोर कामाचा दिवस उरतो.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे रक्त काढल्यापासून सातव्या दिवशी, ईमेल आला. चौदा ओळींचा तक्ता होता, आणि प्रत्येक ओळीत निकालाच्या रकान्यात एकच शब्द होता: अयोग्य.

रक्तजल लाल झाले होते का, कुजले होते का, कमी पडले होते का, कुप्या गळल्या होत्या का, अर्ज चुकला होता का, यातले काहीही त्या शब्दातून कळत नव्हते. कारण कळले नाही तर चूक सुधारायची कशी? दुसऱ्यांदा रक्त काढायचे म्हणजे चौदा गायी पुन्हा बांधायच्या, पशुपालकाचा अर्धा दिवस घ्यायचा आणि पुन्हा पैसे मागायचे. शुक्रवारी सकाळी मी फोन केला. स्वागतकक्षातील मुलीने अहवाल विभागाला जोडून दिले, अहवाल विभागाने तांत्रिक विभागाकडे विचारा असे सांगितले, आणि तांत्रिक विभागाचा फोन वाजत राहिला. दुपारी पुन्हा फोन केला तेव्हा "मॅडम, सिस्टिममध्ये अयोग्य एवढंच दिसतंय" असे उत्तर मिळाले. शनिवारी तिसऱ्यांदा फोन केला. कोणीतरी उलट फोन करेल असे सांगण्यात आले, आणि तो आला नाही.

त्याच शनिवारी संध्याकाळी आबा, म्हणजे त्या गोठ्याचे मालक, दवाखान्यात आले. माझ्यासमोरच्या खुर्चीत ते बराच वेळ काही न बोलता बसून राहिले. मग म्हणाले, "मॅडम, दोन्ही गायी उद्याच्या बाजाराला काढतो. गाभडलेली गाय दावणीला बांधून किती दिवस पेंड घालायची?" मी त्यांना दोष देऊ शकत नव्हते. दूध नाही, वासरू नाही आणि रोजचा खर्च मात्र चालू. पण त्या गायी बाजारात गेल्या असत्या तर आणखी दोन गोठ्यांत रोग पोहोचला असता. गाभडल्यानंतर अंगावरून जाणाऱ्या स्रावात हे जंतू प्रचंड संख्येने असतात आणि ते दुसऱ्या गायीच्या चाऱ्यात किंवा पाण्यात मिसळायला वेळ लागत नाही. मी त्यांच्याकडून आणखी दहा दिवस मागून घेतले. तो शब्द मी प्रयोगशाळेच्या भरवशावर दिला होता, आणि तिच्याकडून मला साधे कारणही कळलेले नव्हते. म्हणून सोमवारी सकाळची एसटी पकडून मी स्वतः गेले.

तेथे जे पाहिले ते येथे जसेच्या तसे नोंदवते. आवक नोंदवहीत माझा डबा सोमवारी सकाळी अकरा वाजता आल्याची नोंद होती आणि तिच्यातील तापमानाचा रकाना कोरा होता. कुरिअरच्या पावतीवर मात्र तोच डबा शनिवारी दुपारी अडीच वाजता पोहोचल्याची वेळ आणि सुरक्षारक्षकाची सही होती. नमुने शनिवारी एक वाजेपर्यंतच घेतले जातात, हे त्यांच्या दारावरील फलकावर लिहिलेले होते, पण मला पाठवलेल्या माहितीपत्रकात नव्हते. म्हणजे शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत, एप्रिलच्या उन्हाळ्यात, तो डबा दाराशेजारच्या टेबलावर पडून होता. मी आग्रह धरल्यावर तंत्रज्ञांनी कुप्या आणून दाखवल्या. बर्फ वितळल्याचे पाणी सगळ्या कुप्यांवर चढले होते आणि माझ्या शाईच्या आकड्यांचे निळे ओघळ झाले होते. तीन कुप्यांवरचा क्रमांक वाचताच येत नव्हता. रक्तजल गढूळ झाले होते, झाकण उघडताच आंबूस वास आला. ते नमुने खरोखरच अयोग्य होते आणि तसा शेरा देणे चुकीचे नव्हते. चूक होती ती डबा जवळपास दोन दिवस उघड्यावर ठेवण्यात, ती वेळ नोंदवहीत न लिहिण्यात आणि सोमवारी अकरा वाजता जे दिसले ते मला गुरुवारपर्यंत न कळवण्यात. सोमवारी एक फोन आला असता तर मंगळवारीच मी पुन्हा रक्त घेतले असते.

तेथील प्रमुखांना मी शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, दुसऱ्या खेपेचे शुल्क माफ केले आणि तांत्रिक विभागातील एका व्यक्तीचा थेट क्रमांक दिला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उपयुक्त वस्तू तो क्रमांकच होती. कोणत्याही प्रयोगशाळेशी काम सुरू करण्यापूर्वी, दरपत्रक मागण्याच्याही आधी, नमुना हातात घेणाऱ्या माणसाचे नाव आणि क्रमांक मागून घ्यावा. डबा निघाला की त्याला कळवावे, आणि पोहोचल्याचे त्याच्याकडून त्याच दिवशी वदवून घ्यावे.

मंगळवारी सकाळी पुन्हा रक्त घेतले, संध्याकाळपर्यंत रक्तजल वेगळे केले आणि बुधवारी पहाटेच्या एसटीने डबा मांडीवर ठेवून मीच गेले. या वेळी आकडे कापडी चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहिले होते. पेन्सिल पाण्याने पुसली जात नाही. प्रत्येक कुपी वेगळ्या लहान पिशवीत, भोवती कापूस, मग जाड डबा आणि त्याबाहेर थर्माकोल अशी तिहेरी बांधणी केली होती. कापसाचा उपयोग केवळ धक्के सोसण्यासाठी नसतो; कुपी गळली तर रक्तजल तेथेच शोषले जाते आणि डबा उघडणाऱ्याच्या हाताला लागत नाही. संशय ब्रुसेलाचा असेल तर डब्यावर आणि अर्जावर तसे ठळक लिहिणे हे आपले कर्तव्य आहे, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना या जंतूची बाधा सहज होऊ शकते.

तरीही गुरुवारी एक अडथळा आलाच. विकत आणलेल्या गायीच्या कानात बिल्ला नव्हता, त्यामुळे अर्जातील बारा अंकी क्रमांकाचा रकाना कोरा होता आणि त्या एका गायीपायी सगळे चौदा नमुने थांबवले गेले होते. थेट क्रमांक हाताशी असल्याने हे दहा मिनिटांत मिटले. गायीचे वर्णन आणि छायाचित्र पाठवले, आणि बिल्ला सरकारी दवाखान्यातून नंतर मारून घेतला. अर्जातील लसीकरणाचा रकानाही कोरा सोडू नये. एस-19 ही ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच दिली जाते, आणि ती दिलेली असेल तर रोग नसतानाही चाचणी होकारार्थी येऊ शकते.

मधल्या काळात रोझ बेंगाल मी दवाखान्यातच का केली नाही, असे एका सहकाऱ्याने विचारले. तेव्हा माझ्याकडे अँटिजेन नव्हता. आता फ्रीजमध्ये एक बाटली असते. पण त्या चाचणीत होकार आला तरी एलायझा या प्रयोगशाळेतील दुसऱ्या रक्तचाचणीने खात्री करावी लागते, कारण दुसऱ्या काही जंतूंमुळेही गुठळ्या दिसू शकतात. शिवाय गर्भपाताच्या सुमारास घेतलेल्या रक्तात जंतूंविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे कमी असू शकतात, त्यामुळे नकार आला म्हणून निर्धास्त न होता दोन-तीन आठवड्यांनी तेच जनावर पुन्हा तपासावे लागते.

एकोणिसाव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, अहवाल आला. दोन्ही चाचण्यांत चौदापैकी पाच गायी होकारार्थी होत्या. त्यात गाभडलेल्या दोघी होत्या आणि विकत आणलेलीही होती. वाईट बातमी होती, तरी ती वाचून मला सुटल्यासारखे वाटले हे मान्य करते. आबांना दाखवायला माझ्या हातात अखेर कागद होता. तो त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, पाच ओळींवर बोट ठेवले, आणि त्यानंतर त्यांनी बाजाराचा विषय काढला नाही. पाचही गायी दुसऱ्या दावणीला हलवल्या, त्यांचे पाणी आणि घमेली वेगळी केली, आणि गाभडलेल्या जागेवर चुना टाकला. घरात कच्चे दूध कोणीही पिणार नाही हे काकूंनी लगेच मनावर घेतले. संक्रामक व सांसर्गिक रोगांविषयीच्या 2009 च्या अधिनियमातील यादीत हा रोग आहे, म्हणून तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना मी लेखी कळवले.

धाकट्याने तोच कागद घेऊन शहरातील डॉक्टरांना गाठले. त्याच्या रक्ताचीही ब्रुसेलाची तपासणी झाली, ती होकारार्थी आली, आणि डॉक्सिसायक्लिनसह दोन औषधांचा सहा आठवड्यांचा क्रम सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात त्याचा ताप उतरला. औषध मध्येच सोडू नकोस असे मी त्याला दर भेटीत सांगत राहिले, कारण बरे वाटू लागले की गोळ्या थांबवण्याकडे कल असतो आणि मग ताप उलटतो.

उरलेल्या नऊ गायींचे दुसरे नमुने येत्या सोमवारी न्यायचे आहेत. अर्जाची छापील प्रत मी स्वतः वाढवून घेतली आहे. तिच्यात डबा कोणत्या वेळी कोणाच्या हाती आला आणि उघडताना आत किती तापमान होते, असे दोन रकाने शेवटी जोडले आहेत. तांत्रिक विभागाने ते भरून अर्जाचे छायाचित्र त्याच दिवशी पाठवण्याचे कबूल केले आहे. ते संध्याकाळी पाच वाजेपर्यंत आले नाही, तर सव्वापाचला मी फोन करणार आहे.