टाके उत्तम, तपासणी अपुरी

त्या मांजरीला माझ्याकडे आणले, तेव्हा तिच्या डाव्या कानाच्या पाळीत दुसऱ्यांदा रक्त साकळले होते. पहिली शस्त्रक्रिया दुसऱ्या एका दवाखान्यात झाली होती आणि टाके, खरे सांगायचे तर, उत्तम घातलेले होते. सतत खाजवल्याने आणि डोके झटकल्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटते, म्हणून रक्त साकळते. ती खाजवते कशामुळे, हे मात्र कोणी पाहिलेले दिसत नव्हते.

उजवा कान बोटांनी हलकेच चोळताच तिचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला. आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, कोरडा मळ होता. एवढ्यावरच निदान उरकणारे पुष्कळ आहेत, परंतु गडद मळ यीस्ट या बुरशीच्या संसर्गातही असतो. म्हणून त्यातला कण लिक्विड पॅरफिनच्या थेंबात मिसळून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आठ पायांचे पांढुरके माइट्स, म्हणजे कानात राहणारे सूक्ष्म परजीवी, चालताना दिसले, शेजारी त्यांची अंडीही होती. मालकीणबाईंनी स्वतः पाहिले आणि विचारले, "डॉक्टर, हे आधी का नाही दिसले?" त्यावर सहव्यावसायिकाबद्दल काय बोलावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ही तपासणी काही मिनिटांची असते.

दोन्ही कानांचे पडदे शाबूत असल्याची ओटोस्कोपने (कानात पाहण्याच्या उपकरणाने) खात्री करून मळ मऊ करून काढला आणि मानेच्या त्वचेवर सेलामेक्टिन हे परजीवीनाशक औषध लावले. माइटची अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास सुमारे 3 आठवडे लागतात, त्यामुळे औषधाचा परिणाम तेवढा काळ टिकावा लागतो; कानात थेंब घालणारे लोक खाज थांबली की ते बंद करतात आणि उरलेल्या अंड्यांतून पुन्हा सारे सुरू होते.

घरात एक कुत्राही होता. "तो तर खाजवत नाही," असे सांगून बाई त्याला आणायला तयार नव्हत्या. हा माइट कुत्र्या-मांजरांत भेद करत नाही, आणि कुत्र्याच्या कानातही तो सापडलाच. त्यालाही वजनानुसार तेच औषध दिले. कुत्र्याचे कोणतेही औषध मांजरीला लावू नका, असेही बजावले, कारण त्यांतल्या काहींमधले परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरीला विषारी ठरते.

फेरतपासणीत दोघांच्याही काचपट्ट्या स्वच्छ निघाल्या. मांजरीचा डावा कान मात्र चुरगळलेलाच राहिला आहे. तो सरळ करण्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया करण्याची बाईंची इच्छा होती; मी नकार दिला.